हातोड्याची खूण, रंगाची गोळी

सागाचं झाड तोडीला निवडलं की त्याची साल दोन जागी काढतात. एक छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर. दुसरी अगदी बुडाशी, कुऱ्हाड किंवा आरी जिथे लागणार त्याच्याही खाली. वर क्रमांक लिहितात. खाली क्रमांक आणि त्याशेजारी खात्याच्या हातोड्याचा छाप. झाड पडतं, त्याचे ओंडके होतात, ते डेपोत जातात, लिलावात विकले जातात. खालची खूण मात्र खुंटावर जागच्या जागी राहते. पुढे कोणी साहेब तपासणीला आला तर तो आधी खुंट बघतो. छाप असला तर तोड कायद्याची. नसला तर त्या बिटाच्या वनरक्षकाला जाब द्यावा लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण गोंड राजांच्या किल्ल्यापासून सुरुवात करतात. मी खुंटापासून करतो, कारण मी त्याच्याच आसपास वाढलो.

माझे बाबा वनपाल होते. गडचिरोलीतल्या आलापल्लीत त्यांना सगळे राऊंड ऑफिसर म्हणायचे. पेरमिली, जिमलगट्टा, पुन्हा आलापल्ली अशा त्यांच्या बदल्या झाल्या. हातोडा त्यांच्या ताब्यात असायचा आणि तो घरात कधी उघड्यावर दिसायचा नाही. पेटीत, कुलपात. पोलादी डोकं, त्याच्या एका तोंडावर उलटी कोरलेली अक्षरं, दांडा जेमतेम हातभर. शिकारीची बंदूक हरवली तर होईल तेवढा गोंधळ हातोडा हरवल्यावर व्हायचा, कारण तो ज्याच्या हाती पडेल त्याला सरकारच्या नावाने झाडं पाडता येत. १९२७च्या भारतीय वन अधिनियमातलं ६३वं कलम याच भीतीतून आलेलं आहे. झाडावर किंवा लाकडावर खोटी खूण करणं, खरी खूण पुसणं, हद्दीची खूण हलवणं, यांना दोन वर्षांपर्यंत कैद. बाबांना कायद्याची बाकीची कलमं किती पाठ होती ठाऊक नाही, पण ६३ तोंडपाठ होतं.

मार्किंगची टोळी निघायची ती पाऊस सरल्यावर. एकाच्या हातात घेर मोजायची टेप, एकाकडे कुऱ्हाड, एकाकडे डांबराचा डबा आणि कुंची, आणि रजिस्टर लिहिणारा एक. कुपाच्या, म्हणजे तोडीला ठरलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, हद्दीवरच्या झाडांना आधी गेरूचे आणि डांबराचे पट्टे मारून घ्यायचे, म्हणजे आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं यावर वाद नको. मग आत शिरून एकेक झाड. टेपवाला घेर ओरडून सांगणार, लिहिणारा तो पुन्हा ओरडून नोंदवणार. साग, ऐन, बीजा, धावडा, तिवस. मोह, चार, टेंभुर्णी यांच्याकडे वळायचंही नाही. त्यांच्यावर गावं जगतात. नाल्याच्या काठचं सोडायचं, उतारावरचं सोडायचं, बी धरणारं चांगलं झाड राखायचं. निवड कागदावर वर्किंग प्लॅनमध्ये असते, पण प्रत्यक्ष झाडासमोर उभं राहून 'हे' म्हणणारा माणूस लागतो. त्या टोळीतले कुऱ्हाडवाले बहुतेक माडिया आदिवासी असत. पोकळ झाड त्यांना बुंध्यावर थाप मारून कळायचं. त्यांनी नको म्हटलेल्या झाडाला बाबांनी हातोडा लावल्याचं मला आठवत नाही.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर नदीत आहे. रेल्वे यायच्या आधी इथला साग पाण्यावरून जायचा. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी थेट समुद्राला. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं ठाणं होतं. १८७४ साली तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडण्यात आलं. नदीत सोडलेले ओंडके पुरात विखुरतात, रेतीत रुततात, दुसऱ्याच्या घाटाला लागतात. तिथे ओंडका कोणाचा हे त्यावरच्या खुणेशिवाय कोण सांगणार? म्हणून कायद्यात वाहत आलेल्या लाकडासाठी वेगळं प्रकरणच आहे. वाहत आलेलं, काठाला लागलेलं, खूण खोडलेलं लाकूड सरकारचं, जोवर दुसरा कोणी आपला हक्क सिद्ध करत नाही तोवर. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह मार्ग पुरा झाला, दिल्ली-मद्रास रेल्वेमार्ग जुळला, आणि सागाने नदी सोडून मालगाडी धरली. खूण तशीच राहिली.

या खुणेची दुसरी बाजू मी लहानपणी पाहिली नाही, मोठेपणी समजली. सरकारने झाडावर छाप मारला की त्याच क्षणी गावाला सांगितलं जातं की हे तुमचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानातून बांबू, मध, मोहफुलं आणणाऱ्या माणसाला छाप वाचता येत नसेल, पण त्याचा अर्थ चांगला कळायचा. बाबा कर्तव्यनिष्ठ होते आणि त्यांचा मला अभिमान आहे. तरी जंगल गावाकडून काढून घेण्याचं काम ज्या हत्याराने झालं त्यात त्यांचा हातोडाही होता, हे मी मान्य करतो. म्हणून गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची गोष्ट मला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक होतं वनखात्याकडे. दोन वर्षं झगडा चालला. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे साथी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्यासाठी किती वर्षं घातली हे इकडच्या लोकांना सांगायला नको. माल कोणाचा हे सांगणारा कागद त्या दिवशी पहिल्यांदा गावाच्या सहीने निघू लागला.

आता दुसऱ्या टोकाला जातो. अमेरिकेत मिशिगन राज्यात आयर्न माउंटन नावाचं गाव आहे. तिथे नेल्सन पेंट कंपनी १९४०पासून जंगलवाल्यांसाठी रंग बनवते. आपण डांबर आणि हातोडा वापरतो, तिकडे झाडाला रंग मारतात. एक ठिपका छातीच्या उंचीवर, एक बुडाशी. कारण तेच: बुडाचा ठिपका खुंटावर राहतो. खोटेपणाची भीतीही तीच. तिकडच्या सरकारी वनखात्याच्या रंगात एक गुप्त रसायन मिसळलेलं असतं; संशय आला की खुंटावरचा रंग तपासून तो सरकारी आहे की बाजारचा हे ठरवतात. हातोड्यावर अक्षरं कोरतात, रंगात रसायन कोरतात, एवढाच फरक. साता समुद्रापार दोन खात्यांना एकाच चोराची काळजी होती, हे वाचून बाबा फार खूश झाले असते.

पण तिथल्या वनरक्षकाला प्रत्येक झाडापर्यंत चालत जायचं नव्हतं. ओढ्यापलीकडचं झाड, काटेरी जाळीतलं झाड, यांना लांबूनच रंग लावता आला तर? १९६५च्या सुमारास क्रॉसमन कंपनीने यासाठी वायूवर चालणारी एक बंदूक काढली. ती फार चालली नाही. मग नेल्सनने डेझी या हवाबंदुकीच्या कंपनीकडून स्वतःच्या नावाची बंदूक बनवून घेतली. नेलस्पॉट ००७. तिचा आराखडा डेझीच्या जेम्स हेल यांचा. बारा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची नळी, दर गोळीला हाताने मागे-पुढे करायचा बोल्ट, आणि गोळी म्हणजे औषधाच्या कॅप्सूलला वापरतात त्याच जिलेटिनच्या आवरणातला तैलरंग. गोळी झाडावर आपटली की फुटते आणि ठिपका उमटतो. गुरांवर खूण करायला गुरं पाळणाऱ्यांनीही ती घेतली.

२७ जून १९८१. न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात १२ जण हीच बंदूक घेऊन उतरले. हेज नोएल, चार्ल्स गेन्स आणि बॉब गर्न्सी या तिघांनी हा खेळ जुळवला होता. शहरी माणूस रानात जास्त टिकेल की रानातला, असा त्यांचा मूळ वाद. रानभर निशाणं ठेवलेली, ती गोळा करायची, रंग लागला की बाद. जिंकला तो रिची व्हाइट, आणि तो होता जंगलात काम करणारा माणूस. त्याने एकही गोळी झाडली नाही. कोणाला दिसलाच नाही, निशाणं गोळा करून बाहेर आला. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पेरमिलीचे कुऱ्हाडवाले आठवले. ते बांबूच्या बेटामागून येऊन खांद्याशी उभे राहीपर्यंत आम्हा मुलांना चाहूल लागत नसे. पेंटबॉल नावाचा जगभर पसरलेला खेळ या दिवसापासून मोजतात. पुढे तैलरंगाच्या जागी पाण्यात धुऊन जाणारा रंग आला, कारण आता खूण टिकायला नको होती.

ही बंदूक आलापल्लीत आली असती तर चालली असती का? मला वाटतं, नाही. आमच्याकडे साल काढल्याशिवाय आणि घेर मोजल्याशिवाय मार्किंग होत नाही, म्हणजे झाडाला हात लावावाच लागतो. हात लावायचाच आहे तर लांबून रंग कशाला? दुसरं, बांबू. सागाच्या खाली जिथे बांबूची दाटी आहे तिथे २० पावलांवरचा बुंधा सलग दिसत नाही, आणि जिलेटिनची गोळी पहिल्या काडीवरच फुटणार. तिसरं कारण हवामानाचं. दमट हवेत जिलेटिन फुगतं, गोळी अंडाकृती होते आणि नळीतच फुटते. मार्किंग पाऊस सरल्यावर असलं तरी गोळ्या तोवर टिकायला हव्यात, आणि आमचं जुलै-ऑगस्ट कसं असतं हे सांगायला नको. आणि चौथं कारण सगळ्यांत खरं. १९८०च्या दशकापासून गडचिरोलीच्या जंगलात बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू हातात घेऊन फिरणं म्हणजे पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्ही बाजूंच्या संशयाला आमंत्रण. बाबांसोबतचे वनरक्षक काठी घेऊन जायचे, कित्येकदा तीही नाही. निःशस्त्र दिसणं हेच त्यांचं संरक्षण होतं. ज्या रानात माणसं खऱ्या गोळीने मेली, तिथे रंगाच्या गोळीचा खेळ मांडायची कल्पनाही मला सहन होत नाही. हा खेळ लोणावळ्याकडे, शहराजवळच्या मैदानावर, जाळी लावून खेळावा. तिथे तो आनंदाचा आहे.

वायूवर चालणारी एक बंदूक मात्र चंद्रपुरात आली आणि राहिली. बेशुद्ध करणारी. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण आता वाघ उद्यानाच्या रेषेत मावत नाहीत. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही या पट्ट्यात ते धानाच्या बांधीपर्यंत येतात आणि माणसं मरतात. मग रेस्क्यू टीम निघते. त्यांच्याकडची डेन्मार्कची डॅन-इंजेक्ट बंदूक मी ओळखीच्या एका पशुवैद्यक डॉक्टरांकडे हातात घेऊन पाहिली आहे. लांब सडपातळ नळी, मुठीजवळ कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, आणि दाब दाखवणारं घड्याळ. डार्ट किती वजनाचा आणि जनावर किती अंतरावर, त्याप्रमाणे तक्ता बघून दाब लावायचा. कमी पडला तर डार्ट पोचत नाही, जास्त झाला तर सुई हाडात शिरते. डार्टच्या मागच्या कप्प्यातही हवा भरलेली असते. सुईच्या बाजूला छिद्र, छिद्रावर सिलिकॉनची बारीक नळी. सुई कातडीत घुसताच नळी मागे सरकते, छिद्र उघडतं आणि ती हवा औषध आत ढकलते. झायलाझिन आणि केटामाइन. डॉक्टरांना मी विचारलं, "यात बॅटरी कुठे आहे जी?" ते म्हणाले, "नाही आणि नको. पहाटे चार वाजता मचाणावर मला चार्जिंगचा विचार नाही करायचा." शिवाय हा डार्ट मारायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, कारणांसह, १९७२च्या कायद्याचं ११वं कलम. लांबून मारतात, पण कोणी, कोणाच्या हुकमाने, किती मात्रा, किती वाजता, सगळं लिहिलेलं.

हे सगळं माझ्या डोक्यात एकत्र आलं ते भाच्यामुळे. तो पुण्याला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तो एक बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर, म्हणजे त्या खेळाची बंदूक, घेऊन आला, कोणाकडून तरी जुना घेतलेला. "मामाजी, तुम्ही कारखान्यातले व्हॉल्व्ह दुरुस्त करत होते ना, हे बघा न." मी चंद्रपूरच्या आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो आणि निवृत्त होईपर्यंत कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात होतो. मार्कर उघडला आणि हसूच आलं, कारण आतलं सगळं ओळखीचं निघालं. सिमेंट कारखान्यात धूळ पकडायला बॅग फिल्टर असतो. त्यातल्या कापडी पिशव्या झटकायला टायमर दर काही सेकंदांनी सोलेनॉइड व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि दाबलेल्या हवेचा एक झटका आत सोडतो. हा मार्कर म्हणजे त्याच फिल्टरचा तळहाताएवढा भाऊ.

नेलस्पॉटपासून इथपर्यंत येताना वाटेत काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात दर गोळीला बोल्ट ओढायचा त्रास गेला, एका गोळीच्या वायूतूनच पुढची गोळी भरायची व्यवस्था झाली. टिपमन हे नाव तेव्हापासून. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात शॉकर आणि एंजल आले आणि घोड्याचा यांत्रिक दुवाच तुटला. घोडा आता फक्त एक बारीक मायक्रोस्विच दाबतो. स्विचचा इशारा छापील पाटीवरच्या मायक्रोकंट्रोलरला, तिथून सोलेनॉइडला. सोलेनॉइड काही मिलिसेकंद उघडतो, पायलटची, म्हणजे चालना देणारी थोडीशी, हवा रॅमला, म्हणजे दट्ट्याला, पुढे ढकलते, रॅम मुख्य व्हॉल्व्हवर आदळतो आणि गोळीमागे हवा सुटते. नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्याला पुरते. सोलेनॉइड किती वेळ उघडा ठेवायचा त्याला ते लोक ड्वेल म्हणतात. ड्वेल कमी पडला तर व्हॉल्व्ह अर्धा उघडतो आणि गोळी मंद जाते. वाढवला तर हवा फुकट जाते आणि रॅमचा धक्का गोळी फोडतो.

भाच्याच्या मार्करमध्ये दोष तीन होते. नळीतून हवा सतत गळत होती: मुख्य व्हॉल्व्हचं आसन खरवडलेलं आणि दोन ओ-रिंग वाळून तडकलेल्या. ओ-रिंग चंद्रपुरात हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतात, माप बरोबर सांगता आलं पाहिजे. दुसरा दोष डोळ्यांचा. गोळी जिथे नळीत उतरते तिथे समोरासमोर एक इन्फ्रारेड एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर असतो. गोळी पूर्ण बसली की किरण तुटतो, तेव्हाच पाटी सोलेनॉइडला परवानगी देते. नाहीतर अर्धी उतरलेली गोळी बोल्टखाली चिरडते. त्या डोळ्यांवर जुना रंग वाळून चिकटला होता. तिसरा दोष पाटीचा, ती ओल लागून गंजलेली. तशीच नवी मिळेना, म्हणून मी स्वतः बनवली. एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, सोलेनॉइड चालवायला मॉस्फेट, आणि सोलेनॉइड बंद होताना उलटा येणारा झटका गिळायला त्याच्यावर एक डायोड. हा डायोड विसरलेल्या कितीतरी पाट्या मी नोकरीत जळालेल्या पाहिल्या. मग डिबाउन्स. स्विचची पट्टी एकदा दाबली तरी काही मिलिसेकंद थरथरते, आणि प्रोग्रामने ती थरथर गाळली नाही तर एका दाबात दोन-तीन गोळ्या सुटतात. काही खेळाडू मुद्दाम ती गाळणी सैल ठेवतात. स्पर्धांमध्ये म्हणूनच सेकंदाला किती गोळ्या याची मर्यादा घालावी लागली.

सगळ्यांत जास्त विचार मी वायूचा केला. मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालवलेला होता. या वायूची सोय अशी की तो नळकांड्यात द्रव असतो आणि जोवर द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना सुमारे ५७ बार. पण ३१ अंशांच्या वर हा वायू द्रव राहूच शकत नाही. मग दाब किती चढेल ते नळकांडं किती भरलं त्यावर. मिशिगनच्या रानात चालणारी ही युक्ती आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा काही वर्षी ४७च्या पुढे जातो. उन्हात ठेवलेल्या गाडीत असं नळकांडं विसरलं तर सुरक्षा चकती फुटेल, आणि चकती चांगली नसली तर काय होईल ते मी कारखान्यात पाहिलं आहे. शिवाय थंडीत उलटा प्रकार, द्रवच पुढे सरकून सोलेनॉइडची सीलं खराब करतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला आणि साध्या दाबलेल्या हवेची बाटली बसवली. तिच्या तोंडाशी रेग्युलेटर, पुढे मार्करचा स्वतःचा रेग्युलेटर, त्यापुढे पायलटसाठी तिसरा लहान. तीन पायऱ्यांनी दाब उतरतो आणि जानेवारी असो की मे, गोळीचा वेग फारसा हलत नाही. खेळाच्या नियमाने तो सेकंदाला ३०० फुटांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या आत हवा. आम्ही २८०वर ठेवला. डोळ्यांवर मुखवटा नसेल तर हा वेगही डोळा फोडू शकतो. भाच्याकडून मी आधी मुखवटा दाखवून घेतला, मग स्क्रू आवळले.

भाच्याला आणखी वेग हवा होता. जास्त गोळ्या, रॅम्पिंग (घोडा दाबाल त्याहून जास्त गोळ्या आपोआप सोडणं), तीन-तीनचा मारा. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. या यंत्राच्या आजवरच्या इतिहासात प्रत्येक सुधारणेने एकच केलं: खूण करणारा माणूस खुणेपासून लांब गेला आणि त्याला मोजदाद ठेवायची गरज उरली नाही. मला उलटी सुधारणा करावीशी वाटली. पाटीवर एक घड्याळाची चिप आणि नाण्याएवढी बॅटरी लावली, शेजारी मेमरी. प्रत्येक गोळीची नोंद राहते: क्रमांक, तारीख, वेळ सेकंदापर्यंत. खेळ झाल्यावर संगणकाला वायर जोडली की यादी निघते. स्तंभ मी मार्किंग रजिस्टरसारखे आखले. भाचा आधी म्हणाला, "याचा उपयोग काय?" पहिल्या खेळानंतर त्यानेच फोन करून सांगितलं की दोघांत वाद झाला होता, कोणी आधी मारलं यावर, आणि यादीवरून तो मिटला.

त्याच्या मैदानावरच्या मुलांना आता तशी पाटी हवी आहे. त्यासाठी वेगाचाही स्तंभ जोडायचा आहे: नळीच्या टोकाला दहा सेंटिमीटर अंतराने डोळ्यांच्या दोन जोड्या, गोळी पहिलीपासून दुसरीपर्यंत जायला ९१ मीटरच्या वेगाने १.१ मिलिसेकंद लागतील, तेवढा काळ हा मायक्रोकंट्रोलर सहज मोजतो. अडचण फक्त फुटलेल्या गोळीच्या रंगाची. तो डोळ्यांवर बसला की मोजणी चुकते. काचेची पट्टी लावून पुसता येईल असं झाकण करतो आहे.